हिरवाईच्या जिन्यातलं पाणी

१

जामखेडात ऐन मे महिन्यात एखाद्या इमारतीच्या जिन्यावरून पाणी वाहायला लागलं, तर माणसं आधी हंडे घेऊन धावतील आणि मग प्लंबर शोधतील. 'हिरवाई' अपार्टमेंटमध्ये त्या पहाटे कुणी हंडा आणला नाही. जिन्याच्या तळाशी सूर्यभानकाका पडले होते.

एसटीतून निवृत्त झालेले, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे काका रोजच्यासारखे फिरायला निघाले होते. पायऱ्या ओल्या, म्हणून त्यांनी कठडा धरला. पाणी तळमजल्यावरच्या मीटरच्या बोर्डात शिरलं होतं आणि लोखंडी कठड्यात करंट उतरला होता. जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या झुंबरबाई आणि त्यांची लेक ज्ञानेश्वरी आवाजाने धावल्या. बांबूने मेन स्विच पाडला, काकांना रिक्षात घातलं, दवाखाना गाठला. उपयोग झाला नाही.

दुपारी पोलीस वर गेले. तिसऱ्या मजल्यावरचा अंगदचा फ्लॅट कुलूपबंद. उघडला तर जमीन ओली, मोरीतला नळ उघडा, आणि पाणी जायच्या जाळीत फडकं कोंबलेलं. अंगद नोकरीला चाकणला. किल्ली ज्ञानेश्वरीकडे, कारण खोलीत जागा नाही म्हणून ती तिथे अभ्यासाला बसायची. संध्याकाळपर्यंत निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा गुन्हा तिच्या नावावर चढला.

ही ज्ञानेश्वरी ऊसतोड्याची पोर. बाप आता नाही, आई हिरवाईचा जिना झाडते. आणि पोरगी पोलीस भरतीत निवडली गेली होती. चारित्र्य पडताळणी तेवढी उरली होती. ती ज्या ठाण्यातून व्हायची त्याच ठाण्यात तिच्यावर गुन्हा, म्हणजे नोकरी गेल्यातच जमा.

मी मेहरीन. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करते, राहते नगरला. लोकांना वाटतं मी पैसे द्यायला येते, कंपनीला वाटतं मी पैसे वाचवायला जाते, आणि मी आपली ओल्या भिंतींना हात लावत फिरते. अंगदला बँकेने कर्जाबरोबर घराचा विमाही गळ्यात मारला होता. त्याच्या घरामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर भरपाई कंपनीने द्यायची, असं त्यात होतं. म्हणून मला धाडलं. साहेब म्हणाले, "नळ अंगदने नाही, त्या मुलीने सोडला एवढं लिहून आणा, बाकी आमचे वकील बघतील."

हिरवाईच्या फाटकात ज्या गृहस्थाने हात जोडून माझं स्वागत केलं, त्यानेही पहिल्याच वाक्यात हेच सांगितलं.

२

ते सचिव वैजनाथ. बियाणं-खतांचं दुकान, वय पन्नाशीपुढे. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. एवढ्या धुळीच्या गावात इतका पांढरा माणूस बघून मला जरा डोळेच मिचकावावे लागले. मला त्यांनी घरी नेऊन पंख्याखाली बसवलं.

"पोर गुणाची आहे हो, मॅडम. पण नळ राहिला उघडा. आपल्याकडं सगळेच ठेवतात."

हे खरं होतं. जामखेडात पाणी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून माणसं नळ उघडाच ठेवतात आणि खाली रिकामं भांडं. पाणी आलं की भांडं वाजतं, घर जागं होतं. ज्याने हे ऐकलं तो पुढचा प्रश्न विचारतच नाही. पोलिसांनीही विचारला नव्हता.

"त्या पहाटे काय झालं, नीट सांगा."

"खालच्या हौदात पाणी आलं. मी उठून मोटर लावली. मोटरनं पाणी गच्चीवरच्या टाकीत, टाकीतून घरोघर. तिच्या नळाला आलं, ती नव्हती, सांडलं. खाली आलं. काका गेले." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्या लग्नात काकांनी वाढपी म्हणून पंगती उठवल्या होत्या, मॅडम."

डोळे खरोखर भरले होते. मी पाणी प्यायले. आतून दीपाली वहिनी चहा घेऊन आल्या.

"सोसायटीचा स्वतःचा विमा असेल ना?" मी विचारलं.

"होता. मागच्या सभेत बंद केला. विम्यापेक्षा टँकर बरा म्हणाले सगळे. एकमतानं. सूर्यभानकाकासुद्धा."

"म्हणजे पाणी अंगदच्या घरातून आलं तर भरपाई अंगदची, पर्यायानं माझ्या कंपनीची. आणि डक्टमधल्या सामाईक पाइपातून आलं असतं, तर?"

"तर सगळ्या मालकांच्या खिशातनं," ते पटकन म्हणाले. "आणि खटला कमिटीवर. पण घरातूनच आलं ना."

"पाण्याचं तर बोलूच नका," दीपाली वहिनी चहा ठेवत म्हणाल्या. "इथं सांडपाणीपण चोरीला जातं. यांचे कपडे मी बाहेर देत नाही, घरी धुते, आणि ते पाणी मोरीतल्या टिपाडात साठवते, संडासाला. त्याच दिवशी बघते तर टिपाड रिकामं! चांगलं पाणी ओतावं लागलं मॅडम, जीव तुटला माझा."

"घरात शिरून धुण्याचं पाणी कोण चोरणार?" वैजनाथ हसले. "हिनंच ओतलं असेल. त्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?"

मीही हसले. चहा छान होता, आलं टाकलेला.

निघताना ते दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तिच्याकडून एकदा 'चुकून राहिला' एवढं लिहून घ्या. म्हणायला तयार झालीय ती."

३

जिन्याखालची खोली म्हणजे जिन्याच्या पोटातली फट. उभं राहायला जागा दाराशीच, आत जावं तसं छत खाली येतं. ज्ञानेश्वरी त्या उतरत्या छताखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. उंच, दणकट पोरगी, मैदानावर धावून कमावलेलं शरीर. त्या जागेत तिला बघवत नव्हतं.

"मी नळ बंद केलता, मॅडम," ती म्हणाली. "केलता असं वाटतं. पर सगळे म्हनत्यात राहिला, राहिला. आता डोळे मिटले की मला उघडा नळच दिसतो. कदाचित राहिला असंल."

"आसं बोलू नगं," झुंबरबाई कळवळल्या. "बाई, ही पोर खोटं बोलत न्हाई. पर येणारं-जाणारं प्रत्येक मानूस दारात थांबून सांगतंय, कबूल कर, सुटशील."

"मी चुकून राहिला म्हनलं, तर सुटन का?"

"नाही," मी म्हणाले. "तेच तुला अडकवेल. सही कशावर करू नकोस."

तेवढ्यात जिन्यावरून एक तरुण उतरला, आम्हाला बघून थांबला. सूर्यभानकाकांचा मुलगा समर्थ. शिर्डीला हॉटेलात कामाला, वडील गेल्यावर दुपारी पोचलेला. गुन्ह्याची फिर्याद त्याचीच.

"बाप गेला माझा हिच्यामुळं," तो मला म्हणाला, तिच्याकडे न बघता. "तुम्ही कागद रंगवा. पैसा द्या नाहीतर देऊ नका. मला ही आत पाहिजे."

ज्ञानेश्वरीने मान खाली घातली आणि तो गेल्यावरही बराच वेळ वर केली नाही. मला राग आला. कुणाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं.

ठाण्यातून परवानगी आणि एक शिपाई घेऊन मी अंगदचा फ्लॅट उघडवला. दारात पहिली गोष्ट दिसली ती उंबरा. त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, ठळक, कोरडी, एकही पुसलेलं नाही.

"हे कधी लावलंस?"

"आदल्या सांजंला. निवड झाल्याचं कळलं तवा. आई म्हनली, या घरानं तुला नोकरी दिली, त्याचा उंबरा पूज. पूजा केली, कुलूप लावलं, किल्ली आमच्या खोलीबाहेरच्या खिळ्याला. तिथंच असती कायम."

"आणि नंतर?"

"नंतर पहाटं काका. मी त्यांना घेऊन गेले. परत आले तवा पोलीस हितं हुते. मला आत सोडलंच न्हाई."

आतली जमीन केव्हाच सुकली होती. पांढऱ्या फरशीच्या कडेला, भिंतीला लागून, सुकलेल्या पाण्याची फिकट निळसर रेघ राहिली होती. भिंतीचा रंग उतरला असेल म्हणून मी फोटो काढला आणि पुढे गेले. मोरीच्या जाळीतलं फडकं पोलिसांनी नेलं होतं, पण जाळीला अजून साबणाचा वास होता.

"इथे नळाखाली भांडं ठेवायचीस?"

"न्हाई. मी काय राहते का हितं? पानी आलं काय न् न्हाई आलं काय. प्यायची बाटली घरूनच न्यायचे."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हनले, सगळेच ठेवतात."

मी पुन्हा दारात आले आणि उंबऱ्यापाशी उकिडवी बसले. जिना भिजेल, खाली मीटरच्या बोर्डापर्यंत जाईल एवढं पाणी या दारातून गेलं असेल, तर ते या उंबऱ्यावरूनच जाणार. दुसरी वाट नाही. आणि हळद ओल्या हाताने पुसली तरी जाते.

जिन्यातलं पाणी या घरातून आलं नव्हतं. मग आतलं पाणी कुठून आलं होतं?

४

अंगदच्या दाराशेजारीच डक्टचं, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीचं, पत्र्याचं छोटं दार होतं. मी शिपायाची बॅटरी मागून आत डोकावले. हौदातून टाकीकडे जाणारा जाड पाइप, वर्षानुवर्षांच्या धुळीने काळवंडलेला. त्यात बरोबर मध्ये हातभर तुकडा नवा. कुणीतरी त्यावर चिखल फासला होता, पण चिखल वाळून पोपडे निघाले होते आणि खालून पाइप चकाकत होता.

हिरवाईत पाइपांचं दुकान असलेला माणूस एकच. दुसऱ्या मजल्यावरचे गनीभाई.

ते घरीच होते. मान डोलावून बसा म्हणाले आणि टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता. त्यांच्या बेगम गौहर खाला मात्र मनमोकळ्या.

"बेटा, तू तरी लग्नाला ये. आमच्या तमन्नाचं आहे पुढच्या महिन्यात. या दुष्काळात लग्न काढलं, पाण्याचा जिवाला घोर. यांचे कुर्तेसुद्धा धोब्याकडं देते मी. पांढऱ्याला नीळ घालायची, दोनदा पिळायचं, एवढं पाणी आणू कुठून?"

"त्या पहाटे तर आलं होतं ना पाणी?"

"कुठं आलं? आमचा नळ उघडाच होता, खाली हंडी. वाजलीच नाही. मी तर फजरच्या नमाजला जागी होते. हंडी वाजली नाही, आणि मग डक्टात एकदम फाडकन…"

"गौहर," गनीभाई म्हणाले, "चहा बघ."

खाला पदर सावरत आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्याच नाहीत.

"गनीभाई, डक्टमधला नवा तुकडा तुमच्या दुकानातला आहे."

त्यांनी नाही म्हटलं नाही. उठून दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"दुकानातला आहे. बसवला मी नाही. त्या सकाळी दुकान लवकर उघडून दिला एकाला. काका जिवंत आहेत असंच आम्हाला वाटत होतं तेव्हा. कोणाला दिला ते विचारू नको, बेटा."

"एक मुलगी तुरुंगाच्या दारात उभी आहे."

"माहीत आहे. रोज जिना उतरताना तिच्या दारावरून जातो. खाली बघून जातो." "मी खोटं बोललो नाही. फक्त बोललो नाही. सामाईक पाइप फुटला म्हटलं की भरपाई नऊ घरांवर येणार. माझ्या घरात लग्न आहे. बाकीच्यांचंही काही ना काही आहेच. इथं कुणी फ्लॅट विकून पळू म्हटलं तरी या केसपायी कोण घेणार? सगळे अडकलोय. एक ती अडकली तर बाकीचे सुटतात, असा हिशेब आहे, आणि तो मी मांडला नसला तरी मोडलाही नाही."

मी जिन्यात आले. वर गच्चीची जाळी, खाली फाटकाची जाळी, मधे तो कठडा. त्याला हात लावायचा अजून कुणाला धीर होत नव्हता. सगळे भिंतीला घासून चढत-उतरत होते. मीही तशीच उतरले.

पाइप फुटला हे कळलं होतं. अंगदच्या घरात नंतर कुणीतरी पाणी ओतलं हेही कळलं होतं. खिळ्यावरची किल्ली कुणीही घेऊ शकत होतं. नऊ घरांपैकी कुणीही. साहेबांचा फोन आला, अहवाल आजच हवा म्हणून. मी मोबाईलमधले फोटो चाळायला लागले आणि त्या निळसर रेघेवर येऊन थांबले.

भिंतीचा रंग पिवळा होता. पिवळ्या भिंतीतून निळा रंग उतरत नाही.

मी फाटकाजवळच्या बाकावर बसले. मग गनीभाईंना फोन लावला आणि म्हटलं, "संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलवा. सगळ्यांना."

५

सगळे आले. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी उभेच राहिले. समर्थ मोटरसायकलला टेकून. झुंबरबाई आणि ज्ञानेश्वरी आपल्या दारात. वैजनाथ मधल्या खुर्चीवर, सभेला बसतात तसे.

"मला एकच विचारायचं आहे," मी म्हणाले. "त्या पहाटे कुणाकुणाच्या नळाला पाणी आलं?"

एकमेकांकडे कुणी बघेना. जामखेडातली माणसं बायकोचा वाढदिवस विसरतील, पण पाणी कुठल्या दिवशी आलं नाही ते विसरत नाहीत.

"कुणाच्याच नाही," मी म्हणाले. "कारण टाकीत पाणी चढलंच नाही. मोटर लागली आणि डक्टमधला जुना पाइप फुटला. पाणी डक्टच्या दारातून जिन्यावर आलं आणि खाली बोर्डात गेलं. टाकी कोरडी, तर अंगदच्या नळाला पाणी येणार कुठून? ज्ञानेश्वरीने नळ उघडा ठेवला असता तरी थेंब पडला नसता."

ज्ञानेश्वरीने दाराची चौकट धरली. समर्थ मोटरसायकलवरून उठून सरळ उभा राहिला.

"कंपनीची माणसं!" मागून कुणीतरी म्हणालं. "कंपनीचे पैसे वाचवायला आलीय ही."

"वाचणार आहेत," मी म्हणाले. "मला त्याचा आनंद नाही. पण पुढचं ऐका. पाइप फुटलेला ज्याने पाहिला, त्याला लगेच कळलं की हे सगळ्यांच्या गळ्याशी येणार. सोसायटीचा विमा नाही. अंगदच्या घराचा मात्र आहे. पाणी त्याच्या घरातून आलं असं दिसलं, तर कंपनी भरेल, कुणाचंच काही जाणार नाही. सगळे दवाखान्याकडे पळालेले. त्याने किल्ली घेतली, वर गेला, जाळीत फडकं कोंबलं, नळ उघडला. नळ कोरडा. आता जमीन ओली करायला पाणी हवं. तेव्हा त्याने घरून आणलं. आणि इथं त्याचं चुकलं."

"काय चुकलं?" गनीभाईंनी विचारलं.

"तो जामखेडचा होता. खाली शेजारी मरणाच्या दारात, अंगाला घाम फुटलेला, तरी चांगलं पाणी जमिनीवर ओतायला त्याचा हात धजला नाही. त्याने साठवलेलं, वापरलेलं पाणी आणलं. धुण्याचं. अंगदच्या फरशीच्या कडेला निळीची रेघ आहे, आणि जाळीला साबणाचा वास. पांढरे कपडे घरी धुणारं, नीळ घालणारं घर हिरवाईत…"

मला पुढे बोलावं लागलं नाही. दीपाली वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"ते टिपाड," त्या म्हणाल्या. नवऱ्याकडे बघत होत्या. "दोन दिवस मला म्हणालात, तूच ओतलं असशील, तुला आठवत नाही. मी पोराला मारलं त्यापायी. ते पाणी तुम्ही नेलंत?"

वैजनाथांनी टोपी काढली. घडी केली, उलगडली. समोरच्या रस्त्यावरून टेम्पो गेला, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"पाइप बदलायचा ठराव मीच दोनदा पुढं ढकलला होता. फुटल्यावर नवा तुकडाही मीच बसवला," ते शेवटी म्हणाले. "पोरीवर यायला नको होतं. मला वाटलं, अंगद नाही, कंपनी देईल, समर्थला पैसे मिळतील, संपलं. फौजदारी होईल हे डोक्यातच आलं नाही. आणि झाल्यावर… मागं कसं फिरायचं ते कळेना."

"माझ्याजवळ बसून रडलात तुम्ही," समर्थ म्हणाला. "फिर्याद लिहिताना शेजारी बसून नाव सांगितलंत."

मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. कुणी वैजनाथांच्या अंगावर गेलं नाही. उलट हळूहळू सगळ्यांची तोंडं ज्ञानेश्वरीच्या दाराकडे वळली. पहिल्या मजल्यावरचे भिमाजी, शाळामास्तर, गोड आवाजाचे, पुढे झाले.

"हे बघ पोरी, झालं ते वाईटच. पण थोडा विचार कर. सचिवांनी ठाण्यात कबूल केलं तर नऊच्या नऊ घरं धुऊन निघतील. समर्थचा फ्लॅटपण त्यात आला, वडिलांच्या भरपाईत त्यालाच वाटा द्यावा लागेल, बघ काय वेड्यासारखं आहे ते. आणि तुझी केस काय, पुराव्यात टिकणार नाही. आम्ही चांगला वकील देऊ. दोन-चार वर्षांत निर्दोष सुटशील."

"दोन-चार वर्सं?" झुंबरबाई पुढे आल्या. "भरती थांबती व्हय तिच्यासाठी? रातंदिस पळालीय ती!"

"मावशी, आपण सगळे एका घरातले…"

"घर तुमचं हाय. आमी जिन्याखाली हाव."

मी तोंड उघडणार होते. अहवाल माझा, तो मी खराच लिहिणार होते. पण माझा अहवाल कंपनीला जातो, ठाण्यात चालतो तो जबाब, आणि वैजनाथ आत्ता जे बोलले ते उद्या फिरवू शकत होते. ते मला माहीत होतं, भिमाजींनाही. ज्ञानेश्वरीला ते कळलं आहे हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती चौकट सोडून बाहेर आली, वैजनाथांच्या खुर्चीसमोर.

"सूर्यभानकाकांचं डोकं माझ्या मांडीवर हुतं, रिक्षात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ते पानी मागत हुते. माझ्याजवळ नव्हतं. रिक्षावाल्याजवळ बी नव्हतं. मी म्हनत हुते, आलंच काका, आलंच. तवा तुमी वर पानी ओतत हुता."

वैजनाथांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग बघवेना म्हणून पाहिलं नाही. समर्थने हेल्मेट जमिनीवर आपटलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते त्याचे.

वैजनाथ उठले. "दीपाली, माझ्या चपला दे," म्हणाले.

"वैजनाथराव, जरा बसा," भिमाजी म्हणाले.

"नाही मास्तर. आत्ता गेलो नाही तर उद्या जाणार नाही. मी ओळखतो मला."

गनीभाई न बोलता त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "पाइप मी दिला, मलाही सांगावं लागेल," ते म्हणाले. गौहर खाला तोंडाला पदर लावून बघत राहिल्या, पण त्यांनी अडवलं नाही. मी गाडी काढली. दोघे मागे बसले. समर्थ मोटरसायकलवर पुढे गेला. फिर्याद त्याची होती, ती त्यालाच बदलायची होती.

६

साहेबांनी माझं अभिनंदन केलं. अंगदची जबाबदारी नाही, कंपनीला एक रुपया द्यावा लागला नाही, असं काम हवं, म्हणाले. मी फोन ठेवला. हिरवाईतली माणसं मला अजून शिव्या घालत असतील, आणि त्यांच्या जागी असते तर मीही घातल्या असत्या. वैजनाथांवर खटला चालू आहे. तमन्नाचं लग्न पुढे गेलं. सोसायटीने खर्च कमी करायचा म्हणून पहिल्यांदा कुणाला काढलं असेल, तर झुंबरबाईंना. जिन्याखालची खोली रिकामी करायला लावली. मायलेकी सोनईला मावशीकडे गेल्या.

पावसाळा ओसरल्यावर एकदा मी सर्व्हेसाठी नेवाशाकडे निघाले होते. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मॅडम, मी ज्ञानेश्वरी. गुन्ह्यातून नाव वगळलं. पडताळणी झाली. सोमवारी ट्रेनिंगला हजर व्हायचंय."

मी काहीतरी म्हणाले, अभिनंदन वगैरे. त्या सगळ्या दिवसांत, ठाण्यात, जिन्याखाली, त्या सभेत, ती एकदाही रडली नव्हती. आता रडत होती, लहान पोर रडतं तशी, मोठ्याने, थांबायचं नाव न घेता. झुंबरबाई मागून "अगं, पुरं, पुरं," म्हणत होत्या.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ऐकत बसले.